कर्जाची नोटीस आणि अंगातली कणकण

दादा, नैराश्यावरच्या माझ्या लेखावर माजलगावहून तुम्ही लिहिलंत: "सोयाबीन मातीमोल भावानं जातंय, सोसायटीची नोटीस दारात आलीय, अन् तुम्ही म्हणता नैराश्य रक्तात असतं. 37 टक्के जीन्सचे, मग 63 टक्के सरकारचे का? उद्या पोरीची सोयरीक मोडली तर समजवायला येणार का? माझा भाऊ तीन रात्री झोपला नाही, पण त्याला वेड लागलेलं नाही."

सोयरिकीचा टोला बसला. 'रक्तात' म्हटलं की आपल्याकडं लोक घराण्याला डाग शोधतात, हे मी लातूरचा असून विसरलो. लेखाचं शीर्षक बदललंय.

37 चा हिशेब मात्र तसा नाही. जुळ्यांच्या अभ्यासांवरून 2000 साली काढलेला तो अंदाज आहे. कुणाला नैराश्य येतं, कुणाला नाही, या माणसामाणसांतल्या फरकात आनुवंशिकतेचा वाटा साधारण तेवढा. तुरीच्या एकाच झाडाला 'तुझ्या शेंगा किती वाणाच्या, किती पावसाच्या' असं विचारता येतं का? शिवाय नैराश्याचा असा एक जीन, म्हणजे जनुक, नाहीच. 2019 च्या एका मोठ्या अभ्यासात नैराश्याशी जोडलेल्या जनुकसंचातल्या 102 जागा सापडल्या, प्रत्येकीचा परिणाम चिमूटभर. त्यावरून कुणाच्या पोरीचं भविष्य सांगता येत नाही.

नैराश्याचा धागा प्रतिकारशक्तीशीही जुळतो, आता त्याचं. ताप आला की आपण गोधडी ओढून पडतो, भाकरी नको, नातवंडांचा गलकाही नको. हे आपल्याच पेशींतून सुटणारी, निरोप पोचवणारी सायटोकाइन्स नावाची प्रथिनं करवतात. हिपॅटायटिस सी या यकृताच्या आजारासाठी इंटरफेरॉनची (हेही एक सायटोकाइनच) इंजेक्शनं द्यायचे, तेव्हा आधी ठणठणीत मनाचे कितीतरी रुग्ण नैराश्यात गेले. दीर्घ ताणानंही शरीरात अशी सायटोकाइन्स, म्हणजे आतला दाह किंवा सूज, वाढू शकते. म्हणजे तुमची नोटीस रक्तापर्यंत पोचते. सगळ्यांच्याच नाही: रक्तातला दाह दाखवणारा सीआरपी 3 मिलिग्रॅम प्रति लिटरच्या वर सापडतो तो नैराश्याच्या साधारण चौथाई रुग्णांत. त्यामुळं मेडिकलवरून सुजेच्या गोळ्या आणू नका.

माझे दोन मावसभाऊ. एकच बांध, एकच आटलेली विहीर, सारखंच कर्ज. 2016 ला लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली धाकटा गोठ्यात बाजेवर पडून असायचा. "अंगात कणकण आहे" एवढंच बोलायचा. थर्मामीटरला ताप नाही. तालुक्याला महिनाभर सलाईनवर सलाईन लावलं, मावशीनं लिंबूही उतरवलं. शेवटी मानसोपचाराच्या ओपीडीत नेला. कर्ज तसंच राहिलं, पण दिवाळीनंतर तो स्वतः बँकेच्या रांगेत उभा राहिला. थोरला का टिकला, मला ठाऊक नाही, आणि रक्त तपासूनही कळलं नसतं.

सरकारवरचा तुमचा राग खरा आहे, सोयाबीनच्या भावाचा प्रश्न मी विज्ञानानं झाकत नाही. पण तुमच्या भावाच्या तीन रात्री माझ्या डोक्यातून जात नाहीत. 14416 हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फोन फुकट लागतो, मराठीत बोलता येतं. त्याच्या शेजारी बसून लावा. आणि घरात फवारणीचं औषध असेल तर आजच्या आज दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवा.