चहापेक्षा लाळ जास्त

हाँगकाँगच्या शाम शुई पो भागात चहा-नाश्त्याची जी हॉटेलं आहेत, चा चान तेंग, त्यातल्या एकात परवा माझा पाणउतारा झाला. कारण एक बन. बोलो बाउ, म्हणजे अननसाचा बन. त्यात अननस औषधालाही नसतो. वरचं भेगाळलेलं कवच तेवढं अननसासारखं. पण पिठात कधीकधी डुकराची चरबी घालतात. शाकाहारी माणसाने विचारायचं नाही? चरबी? अंडं? बरं, मग दुसरं काय आहे? वेटरने खिशात पेन खुपसलं, "हाउ सॉय तो ग्वो चा" असं तिथल्या कँटोनीज भाषेत पुटपुटला आणि चालता झाला.

तिथे गर्दीच्या वेळी अनोळखी माणसांना एकाच टेबलाशी कोंबतात. समोर कोंबलेले आजोबा इंग्रजीत म्हणाले, "तो म्हणतोय, तुझ्याकडे चहापेक्षा लाळ जास्त. म्हणजे तू बडबड्या."

खुलासा मागितला होता कोणी? पण आजोबा सुटले, एकामागून एक कँटोनीज वाक्प्रचार. पाल्हाळ लावलं तर ते पाणसापाच्या अंड्यांच्या माळेएवढं लांब. विचारलं एक, सांगितलं भलतंच, तर नवाला आठ जुळत नाही. वेंधळा असला की मोठ्या डोक्याची कोळंबी, मंद असला की भाताचा गोळा. प्रत्येक नमुन्याला त्यांनी सुपातला मॅकरोनीचा चमचा रोखून हॉटेलातलंच एकेक गिऱ्हाईक दाखवलं. भाताचा गोळा ठरलेल्या गृहस्थाने मान वर केली आणि रागाने पाहिलं. अर्थात माझ्याकडे.

"आणि एकाचं दुसऱ्याला कळेना, की गाय तुंग आप गोंग."

गाय म्हणजे कोंबडी, आप म्हणजे बदक. कोंबडी बदकाशी बोलते. आता कोंबडीला गाय म्हणणाऱ्या, वर एकाच अक्षराला सहा सूर लावणाऱ्या भाषेत मी चरबीची चौकशी थोडक्यात उरकायची कशी?

आजोबांच्या चहावर एव्हाना साय धरली होती. पाणसापाची अख्खी वीण बाहेर पडत होती, पण त्यांना कोणी हूं की चूं करेना. गावातला बोलला की गप्पा, उपरा बोलला की लाळ!

शेवटी ते म्हाकुळावर, म्हणजे स्क्विडवर आले. नोकरीवरून काढणं म्हणजे म्हाकूळ तळणं. तळताना ते गुंडाळलं जातं, तशी पूर्वी हाकललेला नोकर वळकटी गुंडाळून निघायचा.

मी विचारलं, "मग या वेटरचं कधी तळणार?"

"कोण तळणार? मालक तोच आहे."