रिव्ह्यूत एक तारा देणाऱ्या ताईंना, आमच्या फळांच्या दुकानाकडून

नमस्कार ताई. त्रास झाला, त्याबद्दल मनापासून माफी. तुम्ही लिहिलं की आमचे संत्रे "बुरशीनाशकात बुडवलेले" होते, अशा फळांनी पोटातले चांगले जंतू मरतात, चरबी वाढते, आणि "दुसऱ्याच दिवशी" अर्धे संत्रे सडले. सोबत फोटोही टाकला.

तो फोटो मी मोठा करून पाहिला. देठाजवळ पांढरी कड आणि मधे शेवाळी हिरवी भुकटी. ही पेनिसिलियमची बुरशी, आम्ही रोजच निवडून फेकतो. आता तुम्हीच सांगा, बुडवलेल्या फळावर ही सहसा इतकी फोफावते का? औषध लावतात ते हिला रोखण्यासाठीच. दोन्ही एकत्र क्वचितच दिसतं.

आणि दुसरा दिवस कुठला, ताई? बिल 14 डिसेंबरचं आहे, रविवार, रात्री 9:40. शटर अर्धं खाली होतं, तरी पोराने तुम्हाला 3 किलो निवडू दिले. फोटो 23 तारखेचा आहे, तुमच्याच पोस्टमध्ये दिसतो. नऊ दिवस, आणि मागे तीच गाठ मारलेली प्लास्टिकची पिशवी. आपला आंबिया बहाराचा, म्हणजे हिवाळ्यात येणारा संत्रा ढिल्या सालीचा असतो, बंद पिशवीत त्याला घाम सुटतो. एक फळ गेलं की शेजारची चार जातात. "पिशवी उघडी ठेवा" हे पोराने सांगितलं होतं. तो खोटं बोलत नाही.

तुम्ही वाचलेली माहिती खोटी आहे, असं मात्र मी म्हणणार नाही. माझी मुलगी मायक्रोबायोलॉजी शिकते, तिने समजावून सांगितलं. इमाझालिल आणि कार्बेन्डाझिम ही बुरशीनाशकं उंदरांना कित्येक आठवडे रोज थोडं थोडं दिलं, तर आतड्यातल्या जंतूंचं प्रमाण बिघडतं आणि यकृतातल्या चरबीचा हिशेबही चुकतो. माणसाच्या बाबतीत इतकं ठाम अजून सांगता येत नाही, असं ती म्हणते. इमाझालिल तोडणीनंतर फळाला लावतात, ते बहुतेक सालीतच राहतं. कार्बेन्डाझिम बगिच्यात फळगळीसाठी फवारतात, ते झाडात भिनतं आणि धुऊन सगळं जात नाही. आमचा माल नागपूरजवळच्या काटोलकडच्या ओळखीच्या दोन बगिच्यांतून येतो. शेवटच्या फवारणीनंतर किती दिवसांनी तोडा केला, हे मी विचारतो. लॅबचा कागद माझ्याकडे नाही, तो आहे असं मी कधी म्हटलेलंही नाही. आणि दीर्घकाळ संपर्काचंच म्हणाल, तर माझा भाऊ वीस वर्षं पाठीवर फवारणीचा पंप घेऊन फिरला, तोंडाला फक्त दुपट्टा बांधून. आम्ही विष विकून हसत बसलोय असं तुम्ही लिहिलं, ते जिवाला लागलं.

आमची चूक एकच. तुम्ही सोबत एक किलो किन्नू, म्हणजे संत्र्यासारखंच दुसरं फळ, घेतला होता. तो बाहेरून येतो, मेण लावलेला, म्हणून चकाकतो. त्या मेणात औषध असू शकतं, पेटीवर काही लिहिलेलं नसतं. हे आम्ही फलकावर लिहायला हवं होतं, लिहिलं नाही. साली वाळवून उटणं करते, असंही तुम्ही लिहिलंय. किन्नूच्या साली कृपया त्यात घालू नका. संत्राही सोलण्याआधी धुऊन घ्या, सालीवरचं हाताला लागतं आणि हातावरून फोडीला.

फलक या आठवड्यात लागेल. तपासणीचंही बघतो, खर्च परवडला तर. बाकी गर्दीच्या वेळी पोरं थोडी तुसडी बोलतात, तेही सांगितलंय त्यांना.

तुमचे दीड किलो मी बदलून देतो, बिल नसलं तरी चालेल. फक्त रात्री 9 च्या आत या, आणि सोबत कापडी पिशवी आणा.