स्प्लिट-लेव्हल घर 'आठ दिवसांत' मोकळं होत नाही

अर्ध्या मजल्याच्या फरकाने जोडलेल्या, म्हणजे स्प्लिट-लेव्हल घरांसाठी एक यादी सध्या जोरात फिरते आहे. थोडक्यात ती अशी: मधली भिंत पाडा, खोलगट दिवाणखाना भरून सपाट करा, कठडे काढा, सगळ्या पातळ्यांवर एकच फरशी घाला आणि वयस्कर माणसांसाठी पायऱ्यांच्या जागी उतार करा. नकाशे वगैरे नकोत, आठ दिवसांत घर नवं.

यादी करणाऱ्याने घराचा फक्त प्लॅन पाहिलेला दिसतो. या घरांची सगळी गुंतागुंत उभ्या छेदात असते. म्हणून आधी सेक्शन, म्हणजे घर उभं कापल्यासारखा नकाशा, काढायचा. प्रत्येक पातळीची तयार फरशी, स्लॅबची जाडी, छताची खालची बाजू, खिडकीची सिल (खालची कड), दाराचं लिंटेल (दारावरची आडवी तुळई), सगळं एकाच शून्यापासून मोजून कागदावर आणायचं. लेझर लेव्हल नसेल तर पाणी भरलेली पारदर्शक नळीही चालते, फक्त तिच्यात हवेचा बुडबुडा राहता कामा नये. आता एकेक मुद्दा घेऊ.

"मधली भिंत नुसती आडोशाची असते, पाडून टाका."

बहुतेक वेळा उलट असतं. दोन पातळ्या जिथे भेटतात तिथली भिंत दोन्ही बाजूंचं ओझं घेते: एका बाजूचा स्लॅब तिच्यावर एका उंचीला टेकतो, दुसऱ्या बाजूचा अर्धा मजला वर. तिच्यावर ठोकून 'पोकळ वाजते' म्हणणं ही तपासणी नव्हे. वरच्या आणि खालच्या स्लॅबचा भार कुठल्या दिशेने जातो, हे गिलावा थोडा काढून किंवा जुन्या नकाशावरून इंजिनिअरने ठरवायचं असतं.

भिंत काढायचीच असेल तर तिच्या जागी बीम येतो. ४ मीटरच्या मोकळ्या गाळ्याला काँक्रीटचा बीम अंदाजे ३०० ते ३५० मिमी खोल लागतो, लोखंडी गर्डर त्याहून कमी. हा बीम छताखाली लोंबतो, आणि खालच्या पातळीचं छत आधीच बुटकं असेल तर 'मोकळ्या' जागेत डोकं आपटतं. सेक्शन काढला की हे कागदावरच कळतं. बीमच्या दोन्ही टोकांना जो भार एकवटतो तो थेट पायापर्यंत पोचायला हवा, नुसत्या विटांवर सोडून चालत नाही.

भिंत पाडण्याआधी स्लॅबला टेकू लावताना इथे नेहमीची चूक होते. भिंतीच्या दोन्ही बाजूंना साधारण मीटरभर अंतराने टेकू लावले जातात, पण वरच्या बाजूचे टेकू उभे असतात त्या स्लॅबच्या खालीही खोली किंवा पोकळी असते. तिथेही सरळ रेषेत टेकू दिले नाहीत, तर भार भिंतीवरून निघून स्लॅबच्या मध्यावर जातो. तडे गेल्यावर मग 'जुनं बांधकाम' म्हणून खापर फोडलं जातं.

घर कॉलम-बीमचं असेल आणि भिंत नुसतीच भरलेली असेल, तरी एक गोष्ट पाहायची. दोन पातळ्यांचे बीम एकाच कॉलमला वेगवेगळ्या उंचीवर मिळतात, तेव्हा मधला तुकडा आखूड राहतो. कॉलमची उंची निम्मी झाली की बाकी सगळं तेच असताना त्याचा ताठरपणा आठपट होतो. भूकंपात असा कॉलम इतरांपेक्षा कितीतरी जास्त जोर ओढून घेतो आणि फुलीसारख्या तिरक्या भेगा पडून फुटतो. त्यामुळे भिंत पूर्ण न पाडता 'कंबरेइतकी ठेवून काउंटर करा' हा सल्ला तर आणखी वाईट. कॉलमला घट्ट चिकटलेली अर्धी भिंत नवा आखूड कॉलम तयार करते. काउंटर हवा असेल तर तो कॉलमपासून फट सोडून, हलक्या साहित्यात करावा.

"खोलगट दिवाणखाना भरून टाका."

इथे नुसतं गणित केलं तरी पुरे. तीन पायऱ्या खाली, म्हणजे ४५० मिमी. मातीचा किंवा मुरुमाचा दाबलेला भराव घनमीटरला १७०० किलो धरला तर दर चौरस मीटरला ७६५ किलो. ४ बाय ५ मीटरच्या खोलीत हे पंधरा टनांच्या वर जातं. घरातल्या स्लॅबवर माणसं आणि सामान यांच्यासाठी साधारण २०० किलो प्रति चौरस मीटर धरलेले असतात. खोलीखाली गॅरेज किंवा तळघर असेल तर भरावाचा विषय तिथेच संपला.

खोली थेट जमिनीवर असेल तर भराव शक्य आहे, पण १५० मिमीच्या थरांनी, प्रत्येक थर ओलावून आणि ठोकून. सगळा एकदम टाकून वरून धुम्मस फिरवली तर वरचे थर घट्ट होतात, खालचे नंतर बसतात आणि भिंतीच्या कडेने फरशी पोकळ वाजू लागते. शिवाय भराव भिंतीच्या ज्या भागाला टेकतो, तो आजवर खोलीतला उघडा भाग होता. तिथे ओल थांबवणारा थर नसेल तर ओल भिंतीत वर चढते.

वजन टाळायचं तर लोखंडी चौकट आणि वर १८ मिमीचा सिमेंट बोर्ड. फरशीऐवजी लाकडी फ्लोअरिंग घातलं तर हे सगळं चौरस मीटरला ५० किलोच्या आसपास बसतं, आणि खालच्या पोकळीतून वायर व पाइप नेता येतात. चौकटीच्या पायांखाली रबराच्या पट्ट्या द्या, नाहीतर चालताना ढोलासारखा आवाज येतो. थर्माकोलचे ठोकळे आणि वर ५० मिमी कोबा हाही पर्याय आहे, पण कोबा आणि फरशीचंच वजन १५० किलोच्या वर जातं. स्लॅबवर ते इंजिनिअरला विचारल्याशिवाय नको.

आणि यादीत जे अजिबात नाही ते: फरशी ४५० मिमी वर आली की ९०० मिमीवरची खिडकीची सिल ४५० वर येते. मूल सहज चढेल अशी. म्हणजे गज किंवा सुरक्षित काच आली. २१०० मिमीचं बागेकडचं दार १६५० चं उरतं, लिंटेल वर न्यावं लागतं. जमिनीपासून ३०० मिमीवरचे सॉकेट फरशीखाली गाडले जातात. ते आधी बंद करून वर हलवावे लागतात, झाकून टाकायचे नसतात. छत २.९ मीटरवर असेल तर २.४५ उरतं आणि पंख्याचा दांडा छोटा करावा लागतो.

इतकं करून मिळतं काय, तर एक सपाट आणि बुटकी खोली. खोलगट भाग तसाच ठेवून कडेने ४५० मिमी उंचीची बसायची कट्ट्यासारखी बैठक केली, तर वरच्या फरशीच्या उंचीचाच उपयोग होतो. हा पर्याय बहुतेक वेळा जास्त शहाणपणाचा.

"कठडे काढा, जागा मोठी दिसते."

दिसते, हे खरं. पण १.२ मीटरवरून पडणंही खरंच. कठडा ९०० ते ११०० मिमी उंच आणि गजांमधली फट १०० मिमीच्या आत, हे बहुतेक नियमांचं सूत्र आहे. लहान मुलाचं डोकं त्या फटीतून जाऊ नये म्हणून. आडव्या तारा दिसायला हलक्या असतात, पण त्या मुलांसाठी शिडीच असतात. उभे बारीक गज किंवा लॅमिनेटेड टफन्ड काच (मधल्या पातळ थराने चिकटवलेल्या दोन काचा) घ्यावी. नुसती टफन्ड काच फुटली की पूर्ण कोसळते आणि कडा उघडी पडते.

फसतं ते खांब बसवताना. १ मीटर उंच कठड्यावर मीटरला ७५ किलोचा रेटा धरला आणि खांब १.२ मीटर अंतरावर असतील, तर प्रत्येक खांबाच्या तळाशी ९० किलो-मीटरची उलथवणारी ताकद येते. फरशी आणि कोबा यांतच शिरलेला बोल्ट तिच्यापुढे टिकत नाही, त्याने स्लॅबच्या काँक्रीटमध्ये पुरेसं खोल जायला हवं. स्लॅबच्या काठाला फार जवळ ड्रिल केलं तर काँक्रीटचा ढलपाच निघतो. काठाच्या उभ्या बाजूला जाड प्लेट लावून खांब बसवले तर वरची जागाही वाचते.

"सगळीकडे एकच फरशी, जुन्यावरच चिकटवा."

एकच फरशी घालायला हरकत नाही. प्रश्न पायऱ्यांचा आहे. १२०० मिमीच्या फरकात सात चढ असले तर एकेक १७१ मिमीचा. खालच्या पातळीवर चिकटवण्यासकट २० मिमी वाढलं आणि पायऱ्या तशाच ठेवल्या, तर पहिला चढ १५१ चा होतो. वरच्या पातळीवरही तेच केलं तर शेवटचा १९१ चा. चढांमधला फरक १० मिमीच्या आत ठेवावा असा दंडक आहे, कारण पाय दोन पायऱ्यांत उंचीचा अंदाज बांधतो आणि तिसरीला न बघता पडतो. खालची फरशी, प्रत्येक पायरी आणि वरची फरशी सारखीच जाड झाली, तर एकही चढ बदलत नाही. पायऱ्यांच्या काठाला मात्र ४० ते ५० मिमीची वेगळ्या रंगाची, न घसरणारी पट्टी हवी. एकाच रंगात वरून उतरताना पायरी संपली कुठे ते दिसत नाही.

"वयस्कर माणसांसाठी उतार करा."

१ : १२ च्या उताराने १.२ मीटर चढायला १४.४ मीटर लांबी लागते. दोन भागांत दुमडला तरी प्रत्येक धाव ७.२ मीटर आणि दोन्ही टोकांना १.५ मीटरची सपाट जागा, म्हणजे १० मीटरच्या वर लांब आणि दोन मीटरच्या वर रुंद पट्टा. घरात एवढी जागा असेल तर तिथे खोलीच बांधावी. त्यापेक्षा आखूड उतार चाकाच्या खुर्चीला खाली ढकलतो. प्रवेशाच्याच पातळीवर एक झोपायची खोली आणि बाथरूम आणणं हा खरा उपाय. ते शक्य नसेल तर पायऱ्यांच्या कडेने सरकणारी खुर्ची किंवा छोटी उभी लिफ्ट. आधी दोन्ही बाजूंना पकडायला दांडे तरी लावावेत, आणि ते पहिल्या पायरीच्या आधी व शेवटच्या पायरीनंतर ३०० मिमी पुढे न्यावेत.

यादीच्या शेवटी खालच्या अर्धभूमिगत खोलीला 'पॅनेल मारा, छान दिसेल' अशी एक ओळ आहे. पॅनेलच्या आधी भिंतीवर ४५ सेंटिमीटर चौरसाचा प्लास्टिकचा तुकडा चारही बाजूंनी टेप लावून एक दिवस-रात्र ठेवा. थेंब खोलीच्या बाजूने आले तर हवेतली वाफ थंड पृष्ठभागावर जमते आहे, वायुवीजन सुधारा. थेंब प्लास्टिकच्या मागे, भिंतीच्या बाजूला आले तर ओल बाहेरून येते आहे. तेव्हा बाहेरच्या जमिनीचा उतार भिंतीपासून दूर करणं, पन्हळीचं पाणी लांब सोडणं आणि मग बाहेरून वॉटरप्रूफिंग, हा क्रम. पॅनेल त्याच्यानंतर.