तंबू ते संडास

गाडीने फार तर तीन तास, देश दुसरा आणि मुलं रमतील अशी कॅम्पसाइट. उन्हाळी सुट्टीसाठी अटी एवढ्याच होत्या. नेदरलँड्समधल्या आइंडहोव्हनला राहणाऱ्यांना त्या जड जाऊ नयेत. दक्षिणेला निघालं की अर्ध्या तासात बेल्जियम, पूर्वेला तासाभरात जर्मनी, आणि ई-25 महामार्ग धरून नाकासमोर जात राहिलं की तीन तासांत लक्झेंबर्ग. वाटेत टोलसाठी काचेवर स्टिकर लावायचीही गरज नाही. त्यात आम्ही मुळातच परदेशात राहतो, त्यामुळे परदेशातून परदेशात जायचं कुणालाच कौतुक नाही.

स्पर्धा मात्र डच लोकांशी असते. सगळा देश एकाच दिवशी रस्त्यावर येऊ नये म्हणून इथे शाळांच्या उन्हाळी सुट्टीसाठी उत्तर, मध्य आणि दक्षिण असे तीन विभाग पाडलेत आणि प्रत्येकाच्या तारखा वेगळ्या. तरीही जुलै सरता सरता एक शनिवार असा येतोच, की दक्षिणेकडे जाणारे सगळे रस्ते तुंबतात. त्याला इथे ‘काळा शनिवार’ म्हणतात. त्या शनिवारी रस्त्यावर दिसणाऱ्या बहुतेकांनी आपली जागा जानेवारीतच राखून ठेवलेली असते. मोबाइल होम, म्हणजे ज्याच्या आत स्वतःचा संडास असतो ते तयार घर, सगळ्यात आधी जातं. मागे उरतात त्या तंबूच्या जागा. नवऱ्याला याचा मनातून आनंदच झाला, कारण त्याने तंबू आधीच घेऊन ठेवला होता.

मग घरात मागण्यांचं सत्र सुरू झालं. नवऱ्याला लक्झेंबर्ग हवं होतं. का, तर तिथे पेट्रोल स्वस्त आहे आणि 2020 पासून देशभर बस, ट्राम, रेल्वे फुकट आहे. म्हणजे स्वस्त पेट्रोल भरून गाडी उभी करायची आणि फुकट बसने हिंडायचं. या योजनेत पेट्रोल नेमकं कशाला भरायचं, हे मी विचारलं नाही, संसार टिकवायचाय. मुलाला घसरगुंडीवाला तलाव हवा होता, आणि घसरगुंडी पिवळी नको, ती लहान मुलांची असते. मुलीला हवी होती संध्याकाळची मिनी डिस्को. डच पाहुणे असतात अशा बहुतेक कॅम्पसाइटवर हा प्रकार असतो. रंगीत टीशर्ट घातलेली उत्साही तरुण मंडळी स्टेजवर नाचतात, खाली पोरं नाचतात, आणि पालक हातात मोबाइल धरून हसल्यासारखं करतात.

माझी मागणी ऐकून सगळे गप्प झाले. मला नकाशा हवा होता.

कॅम्पसाइटच्या जाहिरातीत तलाव असतो, नदी असते, सोनेरी उन्हात सायकल चालवणारी मुलगी असते. रात्री दोन वाजता एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात चार वर्षांचं मूल आणि काखेत टॉयलेट पेपरचा रोल घेऊन ओल्या गवतातून चाललेली आई कुठेच नसते. काखेतला रोल ही अतिशयोक्ती नाही. बऱ्याच ठिकाणी कागद आपला आपण न्यायचा असतो, आणि सकाळी सकाळी रोल घेऊन निघालेला माणूस हे इथल्या कॅम्पिंगचं सर्वमान्य दृश्य आहे. कोण कुठे चाललंय हे सगळ्यांना कळतं आणि तरी सगळे एकमेकांना ‘गुड मॉर्निंग’ म्हणतात.

तेव्हा माझं म्हणणं असं, की घर ते कॅम्पसाइट हे अंतर सगळेच मोजतात, पण ते दोनदाच कापायचं असतं. तंबू ते संडास हे अंतर दिवसातून कितीदा कापावं लागेल याचा हिशेब कुणी मांडत नाही. त्यात बेल्जियमच्या आर्डेन या डोंगराळ भागात जागा डोंगरउतारावर पायऱ्या-पायऱ्यांनी काढलेल्या असतात. नेदरलँड्सच्या मुख्य भूमीवरचं सर्वांत उंच ठिकाण 322 मीटरचं, त्यामुळे आम्हा सपाटीवरच्या लोकांना चढ ही गोष्ट नकाशात दिसतच नाही. कागदावर बोटभर असलेला संडास प्रत्यक्षात दोन मजले वर निघतो.

‘मग अगदी शेजारची जागा घे ना,’ नवरा म्हणाला. ज्याची झोप कुंभकर्णाची, तोच हे म्हणू शकतो. शेजारी म्हणजे रात्रभर दाराची धडधड, हात वाळवण्याच्या यंत्राची गर्जना आणि कुणी आत शिरलं की आपोआप पेटणारा दिवा, तो थेट आपल्या उशीवर.

शेवटी प्रश्न सुटला तो व्हिडिओ कॉलवर. सासूबाईंनी आधी सगळं नीट समजून घेतलं.

‘म्हणजे घरातला संडास सोडून जायचं, आणि बाहेरचा सामायिक वापरायचा?’

‘हो, आई.’

‘आणि पैसे आपणच द्यायचे?’

‘हो.’

त्या थोडा वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्यांच्यातला जुना चाळकरी जागा झाला. ‘नकाशा दाखव. हे बघ, अगदी टोकाची खोली नको, वास येतो. मधली नको, लांब पडते. टोकापासून तिसरी किंवा चौथी घे. आणि नळाच्या समोरची मुळीच घेऊ नकोस. सगळं जग तिथे गप्पा मारत उभं असतं.’

यावर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. युरोपातल्या कॅम्पसाइटना तारे कोण देतं मला ठाऊक नाही, पण त्या समितीवर चाळीत राहिलेलं एक तरी माणूस असायला हवं.

बाकीच्या गोष्टी त्या मानाने पटापट निकालात निघाल्या. नदीकाठची जागा फोटोत फार देखणी दिसत होती, पण 2021 च्या जुलैत त्याच भागात उर्त नदीच्या पुराने काय केलं ते आठवलं आणि आम्ही बोट वरच्या रांगेकडे सरकवलं. मोझेलच्या काठची एक जर्मन जागा नियमावलीने घालवली. तिथे दुपारी एक ते तीन शांतता, म्हणजे फाटकाचा अडसर खाली आणि गाडी आत घ्यायची नाही. आमच्या घरातून कुठेही वेळेवर निघण्याची परंपरा नाही, त्यामुळे आम्ही एक वाजून पाच मिनिटांनीच पोचणार हे सगळ्यांना मान्य होतं. पुढचे दोन तास दोन भुकेली मुलं आणि एक बंद फाटक. नकोच.

विजेवर मात्र जरा घासाघीस झाली. जागेबरोबर सहा अँपिअर मिळणार होते. सहा गुणिले 230, म्हणजे 1380 वॅट. आमची चहाची किटली 2200 ची. बटण दाबलं की चहा होण्याआधी अंधार होणार, आणि खटका वर करायला कचेरीत जाऊन ‘पुन्हा आम्हीच’ म्हणावं लागणार. यावर नवऱ्याने छोटी, कमी वॅटची किटली शोधायला घेतली आणि तो तिच्यात असा काही रमला, की त्या संध्याकाळपुरता लक्झेंबर्गचा विषय निघालाच नाही. ती संधी साधून मी आर्डेनमधली एक कॅम्पसाइट पक्की केली. घसरगुंडी निळी. डिस्को रोज सात वाजता. जागा टॉयलेट ब्लॉकपासून चौथी, नळाकडे पाठ करून. पसंतीचीच जागा हवी म्हणून जादा पैसेही भरले, आणि नकाशाचा फोटो सासूबाईंना पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला. त्या सहसा कुणाला अंगठा पाठवत नाहीत.

परवा कॅम्पसाइटकडून ईमेल आली. खूप प्रेमळ होती. कुटुंबांची सोय लक्षात घेऊन यंदा जुना टॉयलेट ब्लॉक पाडला आहे आणि लहान मुलांसाठी बुटकी बेसिन असलेला झकास नवा ब्लॉक बांधला आहे, तलावापलीकडे, टेकडीवर, जिथून दरीचं सुंदर दृश्य दिसतं.

नवरा म्हणतो, लक्झेंबर्गला अजून जागा आहेत.