लेकराला विचारून सलाईन लावायची का?

दादा, लेकराला त्याचा आजार सांगा आणि छोट्या गोष्टी त्याला ठरवू द्या, असं मी लिहिलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. "सात वर्षांच्या पोराला कॅन्सर झालाय हे सांगायचं, वर त्याला विचारत बसायचं, हे शहरातले चोचले. लेकराला विचारून सलाईन लावायची का?" पुतण्या नागपूरला ॲडमिट आहे, तुमचा जीव टांगणीला लागलाय, हे कळतं. तरी तुमचं म्हणणं पटलं नाही.

उपचार घ्यायचे की नाही हे लेकराला विचारा, असं मी कुठंच लिहिलेलं नाही. केमो होणार म्हणजे होणार. पण सुई डाव्या हाताला की उजव्या, जवळ आईनं बसायचं की बाबानं, एवढं त्यानं ठरवलं तर कोणाचं काय बिघडतं?

आणि लपवून लपतं का? आमच्या मुलीला ब्लड कॅन्सर, एएलएल. लेकरांमध्ये हाच सगळ्यात जास्त आढळतो. तिच्या केमोतलं एक औषध लालभडक असतं, त्यानं लघवीही लाल होते. हे तिला आधीच सांगून ठेवलं होतं. पलीकडच्या खाटेवरच्या पोराला कोणी सांगितलं नव्हतं. ते बिचारं संडासातून किंचाळतच बाहेर आलं, रक्त पडते म्हणून. मोठी माणसं धावेपर्यंत आमचीच त्याला सांगून मोकळी, "रंग आहे रे तो औषधाचा, जाते उद्या-परवा."

शिवाय दवाखान्यातले दिवस थोडे. हे उपचार दोन-अडीच वर्षं चालतात आणि त्यातला बराच काळ लेकरू घरीच, गोळ्यांवर असतं. त्यातली मेथोट्रेक्सेट नावाची गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज दिली तर जिवावर बेतू शकतं. गोळी देणं आमचंच काम. पण त्या वारावर कालनिर्णयात लाल खूण ती करते, आणि भलत्या दिवशी डबी उघडली की आजीलाही टोकते.

तान्ह्या पोळ्याला, लेकरं लाकडी नंदी सजवून नेतात त्या सणाला, तिचे काउंट, म्हणजे रक्तातल्या पेशी, कमी होते, गर्दीत नेणं शक्य नव्हतं. "जायचं का?" असं विचारलंच नाही, नाही म्हणावं लागलं असतं. नंदी भावासोबत पाठवायचा की अंगणातच सजवायचा, एवढं विचारलं. अंगण ठरलं. रडली, पण ठरवलं तिनं.

एक मात्र तुमचं खरं. पैशाची ओढाताण, कोण वाचेल किती वाचेल, हे लेकरासमोर बोलू नये. तो स्वतःहून विचारेल तेवढंच सांगा, खोटं सांगू नका. आजाराचं नाव मात्र सांगाच. गावात कोणी तरी म्हणणारच, "त्याच्याजवळ जाऊ नको, लागते." तेव्हा कॅन्सर लागत नाही, हे त्याच्या तोंडी तयार पाहिजे.

पुढच्या सुईआधी "दुखणार नाही" म्हणू नका. "थोडं दुखेल, हात कोणता देतो?" असं विचारून पाहा. नर्सताई ऐकतात. आणि घरी असताना ताप 100.4 फॅरनहाइटला टेकला तर कोणालाच विचारत बसू नका. लेकरालाही नाही, मलाही नाही. डॉक्टरांना फोन लावा आणि रात्र असली तरी गाडी काढा.