बांगडी कुणाची?

8 मे 2020 च्या पहाटे औरंगाबादजवळ करमाड येथे रेल्वेरुळांवर झोपलेल्या 16 मजुरांच्या अंगावरून मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबणारी ही मध्य प्रदेशातील माणसे टाळेबंदीत गावाकडे जाण्यासाठी रुळांच्या कडेने भुसावळच्या दिशेने चालत निघाली होती आणि थकून तिथेच निजली होती. रुळांमध्ये विखुरलेल्या पोळ्यांचे छायाचित्र त्याच दिवशी घरोघरच्या फोनवर पोहोचले. मी डोंबिवलीतील घरी टॅब घेऊन बसले आणि तीन तासांत चित्र पूर्ण केले. त्यात रूळ होते, खडी होती, पोळ्या होत्या आणि पोळ्यांशेजारी फुटलेली एक हिरवी बांगडी होती. रात्री दहाच्या सुमारास ते इथे, माझ्या पानावर टाकले आणि सकाळपर्यंत मी आजवर काढलेल्या कोणत्याही चित्रापेक्षा ते अधिक लोकांनी पाहिले होते.

दुसऱ्या दिवशी जालन्याच्या एका वाचकाने चित्राखाली दोनच शब्द लिहिले : बांगडी कुणाची?

मरण पावलेले सोळाही जण पुरुष होते. बातमी मी वाचली होती, तरी हाताने बांगडी काढली. ती कुठून आली हे शोधू लागले तेव्हा माझी मलाच लाज वाटली. त्या दिवसांत मुलाला कडेवर घेऊन महामार्गावरून चालणाऱ्या स्त्रियांची कितीतरी चित्रे मी पाहिली होती, त्यांतील करुणा माझ्या बोटांत उरली होती आणि करमाडच्या चित्रात तिने आपली जागा शोधली होती. चित्र पाहून हळहळणाऱ्या हजारो माणसांना मी एका खऱ्या मृत्यूत न घडलेला तपशील दाखवला होता. तोपर्यंत चित्र इतके पुढे गेले होते की, कडेची माझी सही कापलेल्या त्याच्या प्रतीही फिरत होत्या. त्या परत बोलावणे शक्य नव्हते.

आजच्या जगण्यावर, समाजावर डिजिटल माध्यमात चित्रे काढणाऱ्या आम्हा मंडळींविषयी मला जे म्हणायचे आहे, त्याची सुरुवात या बांगडीपासून होते. टॅब आणि पेन हाती आल्यापासून घटना घडल्याच्या दिवशीच तिच्यावरचे चित्र प्रसिद्ध करणे सहज जमू लागले आणि ते जमते म्हणून ते केलेच पाहिजे असा एक अलिखित दंडक होऊन बसला. रंग वाळण्याची वाट पाहावी लागत नाही, कागद फाडावा लागत नाही, चुकलेली रेघ दोन बोटांच्या टिचकीसरशी मागे घेता येते. हा सगळा वेग हाताचा आहे. डोळ्याला पूर्वी जितका वेळ लागत असे तितका आजही लागतो, आणि हात व डोळा यांच्यातील ही तफावत आपण उधार भावनेने भरून काढतो.

या संदर्भात मला चित्रकार चित्तप्रसाद भट्टाचार्य वारंवार आठवतात. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात ते मेदिनीपूर जिल्ह्यात हिंडले, उपाशी माणसांसमोर बसून त्यांनी शाईने रेखाटने केली आणि माणूस कोण, कुठला, त्याचे काय झाले याच्या नोंदी ठेवल्या. त्या रेखाटनांची पुस्तिका मुंबईतून निघाली. इंग्रज सरकारने तिच्या प्रती जप्त करून जाळल्या. पुढे आयुष्याची कित्येक वर्षे ते अंधेरीत राहिले. त्यांच्या रेखाटनांमधील बरगड्या पाहताना आजही नजर अडते. मला वाटते, त्या रेषेचा अधिकार त्यांच्या कौशल्याइतकाच त्यांच्या पायपिटीतून आलेला आहे. आपल्या ठाण्याचे चित्रकार सुधीर पटवर्धन यांचे उदाहरण तर अगदी जवळचे आहे. क्ष-किरणतज्ज्ञ म्हणून रुग्णांमध्ये वावरत असतानाच त्यांनी कामगार, प्रवासी, वस्त्या आणि उड्डाणपूल रंगवले. ती माणसे त्यांच्या रोजच्या पाहण्यातली होती, हे कॅनव्हाससमोर उभे राहताच कळते.

याचा अर्थ टॅब बाजूला ठेवून सर्वांनी तैलरंगाकडे वळावे असा मुळीच नाही. शाळेच्या पुस्तकांपासून दिवाळी अंकांपर्यंत माझे पोट याच माध्यमावर चालते आणि माझे त्यावर मनापासून प्रेम आहे. आजच्या काळातील एक गोष्ट तर याच माध्यमात सर्वांत खरी उतरते, ती म्हणजे उजेड. संध्याकाळनंतर लोकलच्या डब्यात पाहा, रिक्षाच्या रांगेत पाहा, माणसांच्या चेहऱ्यांवर खालून निळसर प्रकाश पडलेला असतो. फोनचा हा उजेड जलरंगात दाखवायचा तर कागदाचा पांढरेपणा राखून त्याचा भास निर्माण करावा लागतो. पडदा मात्र स्वतःच प्रकाश देतो. तिथे तो निळा रंग खरोखर उजळतो आणि बघणाऱ्याच्या स्वतःच्या चेहऱ्यावरही त्या क्षणी तसाच उजेड पडलेला असतो. हेच चित्र छपाईला दिले की चार शाईंमध्ये तो निळा विझून जातो, हे दिवाळी अंकासाठी काम करणाऱ्या प्रत्येकाने अनुभवले असेल. म्हणून अशी चित्रे आता मी छपाईसाठी वेगळी, नव्याने रंगवते.

करमाडच्या प्रसंगानंतर जवळपास वर्षभर मी घटनांवर चित्र काढले नाही. नंतर घराजवळच्या एका उपाहारगृहाबाहेर ऑर्डरची वाट पाहत उभ्या असणाऱ्या, घरपोच जेवण पोहोचवणाऱ्या मुलांकडे लक्ष गेले. नीती आयोगाच्या 2022 मधील अहवालानुसार अशी ॲपवर आणि सुट्या कामांवर जगणारी माणसे 2020-21 मध्ये देशात 77 लाख होती आणि 2029-30 पर्यंत ती 2.35 कोटी होतील. एवढ्या संख्येच्या कामाचा एक देह असतो, त्याची उभे राहण्याची, वाकण्याची, फोन धरण्याची रीत असते. ती पाहायची ठरवून मी आठवड्यातून दोन संध्याकाळी तिथे जाऊ लागले. पहिले काही आठवडे टॅब पिशवीतून बाहेरच काढला नाही.

पुढे रेखाटने सुरू झाली, तशी मुले डोकावू लागली. पावसाळ्यातील एका संध्याकाळी मी गाडीवर बसून वाट पाहणारा एक मुलगा काढला होता. पाठीला मोठी चौकोनी बॅग, हँडलला प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला फोन. मूळचा बीडकडचा असलेला एक जण ते बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "ताई, पावसात आमी बसतो कुठं? खाली समदा चिखल. शीटवर ब्यॅग बसती, आमी उभे." मी मान वर करून पाहिले. समोरच्या सात गाड्यांपैकी पाचांच्या सीटवर बॅगा होत्या आणि माणसे शेजारी भिजत उभी होती. कित्येक संध्याकाळी हे दृश्य माझ्यासमोर होते आणि मला दिसले नव्हते.

मी तिथेच माणसाचा लेयर, म्हणजे चित्रातला त्याचा वेगळा थर, बंद केला, बॅग सीटवर ठेवली आणि त्याला शेजारी उभा केला. दहा मिनिटांचे काम होते. तैलचित्रात हा बदल करायचा तर महिना गेला असता आणि मुळात ज्याचे चित्र आहे त्याला ते अर्धवट अवस्थेत, त्याच्याच जागी उभे राहून तपासता आले नसते. चित्र पूर्ण झाल्यावर त्याने ते व्हॉट्सॲपवर मागून घेतले आणि गावी आईला पाठवले. वेगाचा एवढा चांगला उपयोग मी आधी कधी केला नव्हता. प्रसिद्धीच्या आधी, ज्याच्याविषयी आपण बोलत आहोत त्याच्याकडे चित्र नेणे आणि तो म्हणेल ते ऐकून दुरुस्त करणे यासाठी या माध्यमाइतके सोयीचे दुसरे साधन मला माहीत नाही. तेव्हापासून माणूस ओळखू येईल असे चित्र असेल, तर त्याच्या संमतीवाचून मी ते प्रसिद्ध करत नाही. नाही म्हणणारेही भेटतात. अशी दोन चित्रे माझ्याकडे तशीच पडून आहेत आणि ती पडूनच राहतील.

शब्दांत वर्णन लिहून क्षणात चित्र तयार करून देणाऱ्या यंत्रांविषयी अनेक जण मला विचारतात. 'पावसात ऑर्डरची वाट पाहणारा मुलगा' असे लिहून मी स्वतः ते करून पाहिले आहे. प्रत्येक वेळी मुलगा गाडीवर बसलेलाच आला, चेहरा हताश, मागे धूसर दिवे. आधी काढल्या गेलेल्या असंख्य चित्रांवरून ते यंत्र शिकलेले असते, त्यामुळे आधी कुणीच न काढलेली सीटवरची बॅग त्यातून कशी यावी? माझी हिरवी बांगडीही याच जातीची होती, फक्त ती यंत्राशिवाय आली होती. म्हणून या यंत्रांवर नुसते रागावून मला थांबता येत नाही. पाहिलेल्या चित्रांवरून चित्र काढण्याची सवय आपल्यालाच आधी लागलेली आहे.

करमाडचे चित्र मी माझ्या पानावरून काढून टाकलेले नाही. त्याखाली चूक काय होती ते लिहिले आहे आणि शेजारी बांगडी नसलेले चित्र ठेवले आहे. मूळ फाइलमध्ये बांगडीचा लेयर अजून आहे, तो मी बंद ठेवला आहे.

वाट पाहणाऱ्या मुलांच्या मालिकेतील सहा चित्रे आज प्रथमच सोबत जोडत आहे. सहाही त्या त्या मुलांनी पाहिलेली आहेत. चौथ्या चित्रात रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत की बाहेर, यावर त्यांच्यातच एकमत झाले नाही, म्हणून तिथे दोन मुले दोन तऱ्हांनी दाखवली आहेत. हे काम करणारे कुणी हे वाचत असतील आणि त्यांना काही चुकलेले दिसले, तर कृपया इथे लिहावे. चित्र मी दुरुस्त करीन आणि काय बदलले तेही चित्राखाली नोंदवीन.