देश पोखरायचाय? गुरुजींपासून सुरुवात करा

शाळा बंद पाडायच्या भानगडीत पडू नका. नवखे लोक हीच चूक करतात. शाळेला कुलूप लागलं की बातमी होते, गावकरी पोरांना घेऊन पंचायत समितीच्या दारात शाळा भरवतात आणि आमदारांना नाइलाजाने फोन करावा लागतो. शाळा चालू राहू द्या. घंटा होऊ द्या, परिपाठ होऊ द्या, भिंतींवर पाढे रंगवून घ्या. फक्त गुरुजी आणि पोरं यांची सलग तासभर गाठ पडणार नाही एवढं बघा. याचा परिणाम दिसायला पंधरा-वीस वर्षं लागतात, हीच या पद्धतीची खुबी. तोवर तुमची बदली झालेली असते, किंवा निवृत्त होऊन तुम्ही शिक्षण सुधारणेच्या एखाद्या समितीवर गेलेले असता.

कायदा आड येईल अशी भीती उगाच बाळगू नका. शिक्षण हक्क कायद्याच्या, म्हणजे २००९ च्या अधिनियमाच्या, कलम २७ प्रमाणे शिक्षकाला अशैक्षणिक काम देता येत नाही. पण कलम शेवटपर्यंत वाचा. जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांना सूट आहे. जनगणना दहा वर्षांनी यायची, पूर काही रोज येत नाही. खरी कामाची ती निवडणूक. निवडणूक म्हटली की मतदारयादी आली, यादी म्हटली की बीएलओ, म्हणजे मतदान केंद्राची यादी सांभाळणारा अधिकारी आला, आणि बीएलओचं काम बारमाही. सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली सांगून ठेवलंय, की यादीचं काम शिक्षकांकडून सुट्टीच्या दिवशी आणि शिकवण्याची वेळ सोडून घ्यावं. तेव्हा आदेशात 'शालेय वेळ सांभाळून' हे शब्द आठवणीने घाला आणि बैठक मंगळवारी सकाळी अकराला ठेवा.

कोणी कुरकुर केलीच तर लोकप्रतिनिधित्व अधिनियम १९५० चं कलम ३२ दाखवा. यादीच्या कामात कसूर केली तर तीन महिने ते दोन वर्षं कैद. तिसरीतल्या पोराला जोडाक्षर वाचता आलं नाही म्हणून मात्र आजवर कुणालाही तासभरसुद्धा आत बसावं लागलेलं नाही. यातलं कोणतं काम आधी उरकायचं, हे गुरुजींना वेगळं सांगावं लागत नाही.

आता दुशिक्षकी शाळा घ्या. प्रयोगाला याहून उत्तम जागा नाही. कायद्याने साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक, वर्ग पहिली ते पाचवी. म्हणजे दोघं हजर असले तरी एकेकाकडे अडीच इयत्ता. त्यातल्या एकाला मुख्याध्यापकाचा प्रभार द्या; पद मंजूर करायची गरज नाही, शिक्का दिला की पुरे. समजा पट ३८ आहे. सकाळी पोषण आहाराचं धान्य मोजून द्यायचं: प्रत्येकी १०० ग्रॅम तांदूळ म्हणजे ३ किलो ८०० ग्रॅम, २० ग्रॅम डाळ म्हणजे ७६० ग्रॅम, ५ ग्रॅम तेल म्हणजे १९० ग्रॅम. हे साठा नोंदवहीत उतरवायचं. शिजल्यावर मुलांच्या आधी शिक्षकाने चव घ्यायची आणि चव नोंदवहीत शेरा लिहायचा. रोज काय लिहायचं असा प्रश्न पडतो, म्हणून 'चव चांगली' हे शब्द पानभर आधीच लिहून ठेवण्याची पद्धत आहे. मग जेवलेल्यांची संख्या अॅपवर. रेंज नसेल तर टेकडीवर. तांदळाचं पोतं संपलं म्हणून काम संपत नाही, रिकामं बारदान उरतं. ते विकायचं, पैसे भरायचे, पावती जपायची. डीएडला दोन वर्षं बालमानसशास्त्र शिकलेल्या माणसाकडून जुन्या पोत्याचा हिशेब मागण्यात जी मजा आहे, ती अनुभवल्याशिवाय कळायची नाही.

दरम्यान मोबाइलवर टपाल येत राहिलं पाहिजे. मजकूर ठरलेला असतो: 'अत्यंत तातडीचे. सोबतच्या लिंकवर आज दुपारी २ पर्यंत माहिती भरावी. विलंब झाल्यास व्यक्तिशः जबाबदार धरण्यात येईल.' हा निरोप दीडला टाकायचा. माहिती कशाचीही मागा: वृक्षलागवड, वापरात नसलेल्या वर्गखोल्या, हात धुण्याचे नळ, मागच्या महिन्यात याच लिंकवर भरलेली माहिती. ज्यांच्याकडे सांगण्यासारखं काही नाही त्यांनीही 'निरंक' कळवायचं, आणि ते न कळवणाऱ्यांची यादी लाल अक्षरांत गटावर टाकायची. निरंक अहवाल वर जातो, वरचे त्यांची बेरीज करतात, आणि निरंकांची बेरीज निरंक येते का हे तपासायला आणखी एक तक्ता बनतो. एवढ्यात पाचवीच्या भागाकारात बाकी किती उरली हे विचारायला एखादं पोरगं टेबलाशी येऊन उभं राहतं. त्याला 'बस रे जागेवर' म्हणण्याची गुरुजींना सवय लागली, की निम्मं काम झालं.

एक सावधगिरी. अधूनमधून कोणीतरी महात्मा फुल्यांचं नाव काढतो. फुल्यांनी १८८२ साली इंग्रज सरकारच्या हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनात शिक्षकाला बारा रुपयांपेक्षा कमी पगार नको, मोठ्या गावात पंधरा-वीस तरी असावा, असं लिहिलं होतं. एवढ्यावर न थांबता मास्तरांकडे गावच्या हिशेबाची तपासणी, दस्तनोंदणी, टपाल, मुद्रांकविक्री अशी कामं द्यावीत, म्हणजे गावात त्यांचा मान वाढेल आणि लोक त्यांचं ऐकतील, अशीही सूचना केली. तेव्हा उलट सुनवा: आम्ही फुल्यांच्याच वाटेने चाललोय! जादा काम आम्ही दिलंच की. त्या काळी गावकऱ्यांनी मास्तरांच्या दारात यावं असं काम सुचवलं होतं. आपण गुरुजींनाच दारोदार पाठवलं, एवढा फरक. शौचालयं मोजायला पाठवलं, पहाटेच्या गुड मॉर्निंग पथकात उभं केलं. उघड्यावर बसलेल्या बापाला सकाळी शिट्टी वाजवून उठवलं, की दुपारी त्याच्या पोराला त्याच तोंडाने स्वाध्याय विचारताना आवाज आपोआप खाली येतो.

आधारचं हत्यार तुलनेने नवं, पण फार गुणी. संचमान्यता, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार हा हिशेब, आधार जुळलेल्या मुलांवर करायचा. जनरल रजिस्टरला मुलीचं नाव 'गायत्री', आधारला एक अक्षर इकडचं तिकडे. जन्मतारीख एका ठिकाणी जून, दुसऱ्या ठिकाणी जानेवारी. झालं, मुलगी बाद. ती रोज शाळेत येते, पाढे म्हणते, डबा खाते, भांडते, पण हिशेबात नाही. अशी चार-पाच पोरं कमी भरली आणि पट ६१ च्या खाली घसरला, की तिसरं पद गेलं आणि एक शिक्षक 'अतिरिक्त' झाला. त्याचं दुसऱ्या शाळेत समायोजन होईपर्यंत त्याला तालुक्याच्या खेपा मारू द्या. आधार दुरुस्तीचं केंद्र तालुक्याला, तिथं जायचं तर आईबापाची एक दिवसाची मजुरी बुडते, म्हणून तेही काम गुरुजीच पाहतात. आपलं पद वाचवायला गुरुजी मुलीला घेऊन रांगेत, आणि वर्ग वाऱ्यावर. इतकी सुबक यंत्रणा ठरवून आखायची म्हटली तरी जमली नसती.

पैशाच्या बाबतीत हात आखडता ठेवा, पण पूर्ण मिटू नका. शिक्षणसेवक योजना २००० साली आली. पहिली तीन वर्षं पगार नाही, मानधन. प्राथमिकचा शिक्षणसेवक २०२३ पर्यंत महिना ६ हजारांवर राबला. मग ते १६ हजार झालं, माध्यमिकला १८, उच्च माध्यमिकला २० हजार. सेवक म्हणून लागायचं तरी भरती निघायला हवी. २०१२ साली भरती थांबवली, भरतीसाठीची अभियोग्यता चाचणी २०१७ ला घेतली आणि पुढची थेट २०२३ ला. मधल्या काळात डीएड झालेली पोरं फायनान्स कंपनीची वसुली करू लागतात, रसवंती टाकतात, अकॅडमीत पोलीस भरतीचं गणित शिकवतात. तिकडे २० किंवा त्याहून कमी पटाच्या शाळांत १५ हजारांवर कंत्राटी शिक्षक नेमायचा निर्णय २०२४ साली निघाला. तारीख होती ५ सप्टेंबर. असा मुहूर्त साधायला प्रतिभा लागते. सामूहिक रजा, मोर्चे झाले आणि तो निर्णय नंतर मागे घ्यावा लागला. पण नेम कसा धरावा याचा धडा म्हणून जपून ठेवण्यासारखा आहे.

आदर मात्र भरपूर दाखवा, त्याला खर्च नाही. शिक्षकदिनाला गुलाब, शाल, श्रीफळ आणि 'गुरु साक्षात परब्रह्म'. पुरस्कारही द्या, पण त्यासाठी गुरुजींनीच अर्ज करायचा. आपण किती आदरणीय आहोत हे फोटो, कात्रणं आणि सहीशिक्क्याच्या प्रमाणपत्रांसह सिद्ध करायचं, मग मान मिळेल. याच्या जोडीला थोडा संशय पेरत राहा. २०१६ च्या नोव्हेंबरात आदेश निघाला होता, की मुलांच्या दहा-दहाच्या गटासोबत सोमवारी सेल्फी काढून संगणक प्रणालीवर चढवावा. तो फार दिवस टिकला नाही. २०२२ साली शिक्षकांचे ए-फोर आकाराचे रंगीत फोटो वर्गात लावायचं ठरलं, नावाला एक आणि शिकवायला दुसराच असा प्रकार उघडा पडावा म्हणून. हा उपाय आमच्या मते सर्वांत दूरदर्शी. गुरुजी बैठकीला गेले तरी फोटो वर्गावर असतो.

काही देशांनी नको ते करून ठेवलंय, त्यांच्यापासून दूर राहा. फिनलंडमध्ये पहिलीला शिकवायलासुद्धा पदव्युत्तर पदवी लागते, प्रवेश मोजक्यांनाच मिळतो आणि शाळा तपासणी त्यांनी १९९० च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केली. माणूस नीट निवडायचा आणि मग त्याच्यावर विश्वास ठेवायचा. कल्पना करा, इतके विस्तार अधिकारी कुठं ठेवायचे! अभ्यासदौरा जरूर काढा, येताना फळ्याचा फोटो आणा.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही साधे पालक, आमच्या हातात काय आहे? बरंच आहे. जिल्हा परिषदेच्या गुरुजींचा पगार किती, हे पोरासमोर चहा पिताना मोठ्याने बोला, आणि 'फुकटचा' हा शब्द त्यात येईल असं बघा. पोराला कमी मार्क पडले तर कारण विचारायच्या आधी पालकांच्या गटावर बाईंचं नाव घ्या. इंग्रजी शाळेतल्या ज्या मिस त्याला शिकवतात त्यांचा पगार तुमच्या स्कूलबसच्या ड्रायव्हरहून कमी असू शकतो, त्याची चौकशी करू नका. इमारत बघा, एसी बघा. घरात पहिला नंबर काढणारी मुलगी 'मला शिक्षिका व्हायचंय' म्हणाली, तर घाईने विषय बदला: 'अगं, तुझ्यात एवढी हुशारी आहे!' या एका वाक्याने जेवढं साधतं तेवढं कुठल्याही शासन निर्णयाने साधलेलं नाही.

पुढचं आपसूक होतं. हुशार पोरं त्या वाटेला फिरकत नाहीत, आणि जे येतात त्यांतले काही जण दारातच पैसे मोजतात. २०१९-२० च्या टीईटीत, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षेत, गुण वाढवून पात्र ठरवल्याचं प्रकरण बाहेर आलं तेव्हा २०२१ च्या डिसेंबरात पुणे पोलिसांनी खुद्द परीक्षा परिषदेच्या प्रमुखांना अटक केली आणि पुढं ७ हजार ८०० हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. एवढे उमेदवार मास्तर व्हायला गैरमार्ग धरतात, तर पोरांनी दहावीला भिंतीवर चढणाऱ्या काकांकडून चिठ्ठी घेतली यात नवल ते काय. 'असर' या शालेय शिक्षणाच्या पाहणीप्रमाणे २०२२ साली देशाच्या ग्रामीण भागात पाचवीतल्या १०० पैकी साधारण ४३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत होता. उरलेली ५७ मोठी होतील. सातबारा दुसऱ्याकडून वाचून घेतील, औषधाच्या पुडीवरचं सोडून देतील, फॉरवर्ड आलेलं खरं मानतील, कर्जाच्या कागदावर जिथं बोट दाखवाल तिथं सही करतील. राज्य करायला यांच्याइतकी सोयीची माणसं नाहीत. त्यांच्या घरी जाऊन त्यांची नावं मतदारयादीत घालायलाही गुरुजीच जातील.

एवढं करूनही कुठं बिघडतं, तेही सांगून ठेवतो. एखाद्या वाडीवर, एसटी जिथून उलट फिरते त्याच्याही पुढं, एखाद्या बाई चिकाटीच्या निघतात. लिंक रात्री भरतात, चव नोंदवही सुट्टीत लिहितात, आणि सकाळी साडेदहा ते साडेबारा फोन पिशवीत ठेवून शिकवत बसतात. वर्षभरात सगळा वर्ग घडाघडा वाचायला लागतो, शेजारच्या गावची पोरंही पायी यायला लागतात. अशा वेळी कारवाई मुळीच करू नका, गाव अंगावर येईल. त्यांचं कौतुक करा. 'उपक्रमशील' म्हणा, तालुक्याला सत्कार करा आणि प्रतिनियुक्तीवर गटसाधन केंद्रात, म्हणजे शिक्षण खात्याच्या तालुक्याच्या कचेरीत, बोलावून घ्या. मुलांना वाचायला कसं शिकवावं यावर त्यांना घटक लिहायला लावा, इतर शिक्षकांची प्रशिक्षणं घ्यायला लावा. प्रशिक्षणाला आलेल्या चाळीस शिक्षकांच्या शाळा त्या आठवड्यात एकशिक्षकी होतात, हा वरचा नफा.

त्यांच्या वर्गाचं काय, असं वाडीवरच्या लोकांनी विचारलं तर पर्यायी व्यवस्था केली आहे असं लेखी द्या. पोरांना शेजारच्या वर्गात बसवा, पहिलीची पुढं, चौथीची मागं. जागा पुरत नसेल तर व्हरांड्यात बसवा, बसायला पोतं घरून आणायला सांगा. शाळेतल्या बारदानाला हात लावू देऊ नका, त्याचा हिशेब द्यायचाय.